गोव्यात घोड्यांसकट राहायला जायचंय, जागा कशी शोधावी?

चिंगीची_आई
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, हा पहिलाच धागा. सांभाळून घ्या.

नवऱ्याची बदली वेर्ण्याला झाली आहे. माझं काम घरूनच चालतं, मुलगी शिकायला पुण्यातच राहणार. म्हणजे हलायचं कोणी, तर आम्ही दोघं, एक कुत्रा आणि दोन घोडे. सुलतान हा शर्यतीतून निवृत्त झालेला थरोब्रेड, वय १७, मागच्या डाव्या पायाचं जुनं दुखणं. चिंगी ही सारंगखेड्याच्या बाजारातून आणलेली काठेवाडी घोडी, वय ९, स्वभावाने सासूबाई. सध्या दोघं वाघोलीच्या पुढे एका पागेत महिन्याच्या पैशांवर आहेत. गोव्यात त्यांना घराशीच ठेवायचं मनात आहे.

मे महिन्यात चार दिवस फिरून आलो. दलालाने सात जागा दाखवल्या. त्यातली एक डोक्यातून जात नाही. डिचोली तालुका, नदीला लागून दीड एकर, टेबलासारखी सपाट, माती इतकी मऊ की सुलतानच्या पायाला गादीच. कुंपणाला कण्हेर फुललेली. भावही बाकीच्यांपेक्षा बराच कमी. दहा दिवसांत टोकन द्या म्हणतो, नाहीतर दिल्लीची पार्टी तयार आहे.

गोव्यात कोणी घोडे पाळले आहेत का? तालुका कोणता बरा? काय बघून घ्यावं?

अटक_मटक
रुमाल टाकून ठेवतो.

नर्मदेचा_गोटा
सावंतवाडीचा लाकडी घोडा घ्या. चंदी नको, लीद नाही, रंग मात्र दर दहा वर्षांनी.

सड्यावरचा
डिचोलीचाच आहे. ताई, टोकन देऊ नका. नदीला लागून, सपाट, मऊ माती आणि स्वस्त, हे चार शब्द एका वाक्यात आले की आमच्याकडे त्याला शेत म्हणतात. भाताचं शेत. मे महिन्यात तिथे पोरं क्रिकेट खेळतात, जुलैत मासे. खाजन, म्हणजे भरतीचं खारं पाणी बांध घालून अडवलेली खोलगट जमीन, असेल तर बांध आणि मानस आहे का बघा. मानस म्हणजे भरती-ओहोटीचं पाणी आतबाहेर करणारं लाकडी दार. ते दार दिसलं तर तुमचा घोडा समुद्रसपाटीच्या खाली उभा आहे असं समजा.

आणि दिल्लीची पार्टी प्रत्येक जागेसाठी तयार असते. माझ्या काकांच्या विहिरीसाठीही होती.

चिंगीची_आई
बाप रे. मानस माहीत नव्हतं. लाकडी दारासारखं काहीतरी होतं खरं, मला वाटलं जुना घाट वगैरे असेल. फोटोही काढला मी त्याचा, छान दिसत होता म्हणून.

वकीलबाई_म्हापसा
छान दिसतोच तो. :)

कागदाचं सांगते. महाराष्ट्रात सातबारा, तसा इथे एक-चौदा, म्हणजे फॉर्म १ आणि १४. त्यावर जमिनीची प्रत लिहिलेली असते: जिरायत, बागायत, तरी (म्हणजे भातशेती), खाजन, केर, मोरड. तरी किंवा खाजन या रकान्यात आकडा असेल तर तिथेच थांबा. २०२३ च्या कायद्याने भातशेतीची जमीन शेतकरी नसलेल्याला विकायला बंदी आहे. कमी भावाचं कारण बहुतेक हेच.

मग कूळ आणि इतर हक्क हे रकाने बघा. कूळ लागलेलं असेल तर मालकाच्या गोड बोलण्याला अर्थ नाही. मुंडकार, म्हणजे मालकाच्या जागेत घर करून राहणारा, तो वेगळा. जागेत कोणाचं जुनं घर असेल तर १९७५ च्या मुंडकार कायद्याने त्याला संरक्षण आहे. कौलारू घरात म्हातारी एकटी राहते, ती जाईल, असं दलाल सांगतो. ती जात नाही, आणि तिने जायचंही का?

तिसरी गोष्ट बाहेरच्यांना हमखास चकवते. इथे पोर्तुगीज नागरी कायद्याच्या परंपरेमुळे नवरा-बायकोची मालमत्ता साधारणपणे सामाईक. विकणाऱ्याच्या सहीबरोबर त्याच्या बायकोचीही सही लागते. वारस सहा असतील आणि सहाही विवाहित असतील तर बारा सह्या. त्यातले दोन लिस्बनला, एक टोरांटोला. वडिलोपार्जित जागेत वारसनिश्चितीची कागदपत्रं झालेली नसतील तर तुमची चिंगी आजी होईल.

कोमुनिदादची (गावाच्या सामाईक संस्थेची) किंवा आल्वाराची (सरकारी सनदेने दिलेली) जमीन असेल तर वेगळा अध्याय. त्यात पडूच नका. नगरनियोजन कायद्याच्या कलम ३९-ए खाली झोन बदलून देतो असं कोणी म्हणालं तर चहा पिऊन उठा.

अटक_मटक
घोडं मेलं ओझ्याने, शिंगरू मेलं हेलपाट्याने. ही म्हण मामलेदार कचेरीतच जन्मली असणार.

तळकोकणी
एवढा ताप कशाला? दोडामार्ग, बांदा, सावंतवाडी बघा. मोप्याच्या विमानतळामुळे पेडण्यात हात लावायला जागा उरली नाही, पण हद्दीच्या अलीकडे अजून जमतं. माणसं आपली, भाषा आपली, कागद सातबाऱ्याचा.

वकीलबाई_म्हापसा
@तळकोकणी, सातबारा ओळखीचा खरा, पण महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायला तुम्ही आधी शेतकरी असावं लागतं. ताई, तुमच्या किंवा मिस्टरांच्या नावावर कुठे सातबारा आहे का? नसेल तर तिकडचं घोडं तिथेच पेंड खाईल.

चिंगीची_आई
सासऱ्यांच्या नावावर खटावला साडेतीन एकर आहे, पण बांदा ते वेर्णा रोज हा माणूस जाणार नाही. माझ्याआधी तोच मला सोडेल.

तळकोकणी
मग बोलणं खुंटलं. तसं आमच्याकडे तिळारीचे हत्तीही आहेत, ते मघाशी मुद्दाम सांगितलं नव्हतं.

डॉ_खूर
जनावरांचा डॉक्टर आहे. नोकरी महाराष्ट्रात झाली, निवृत्तीनंतर फोंड्यात. कागदाचं वकीलबाईंनी सांगितलं, मी घोड्याच्या बाजूने बोलतो.

पुण्यात वर्षाला सातेकशे मिलिमीटर पाऊस पडतो. गोव्यात तीन हजारांच्या आसपास, घाटाकडे त्याहून जास्त. आणि तो बहुतेक चार महिन्यांत. घोडा मूळचा कोरड्या गवताळ प्रदेशातला. थंडी सोसतो, ऊन सोसतो, पण चार महिने ओलीत उभा राहणं त्याच्या खुराला मंजूर नाही. खुराच्या तळाला जो त्रिकोणी मऊ भाग असतो, तो सतत चिखलात राहिला की कुजतो. हूक घालून खूर साफ करायला घेतलंत की काळपट ओशट घाण निघते, आणि त्या वासाने हात दोनदा धुतले तरी जेवण जात नाही. वेळेत पाहिलं तर आठवड्यात बरं होतं. नाही पाहिलं तर घोडा लंगडतो, आणि तुमच्या सुलतानचा एक पाय आधीच अधू आहे.

दुसरं पाठीचं. सतत भिजलेल्या कातडीवर खपल्या येतात. खपली ओढली तर केसांचा झुबकाच रंगाच्या ब्रशसारखा हातात येतो, खाली ओली लाल कातडी. औषधापेक्षा कोरडं ठेवणं महत्त्वाचं, आणि ऑगस्टमध्ये इथे टॉवेल वाळत नाही, घोडा काय वाळणार?

तिसरं, घाम. घोडा घाम वाळवून अंग थंड करतो. हवा दमट असली की तो वाळत नाही. काही घोड्यांचा घाम येणंच बंद होतं, मग साधं चालवलं तरी धापा टाकतात. पुण्याची जनावरं एप्रिल-मेच्या तोंडावर आणू नका.

म्हणून माझा सल्ला असा की जागा जुलैत बघा. छत्री घेऊन, गमबूट घालून, सलग तीन दिवस पाऊस झाल्यावर चौथ्या दिवशी. मे महिन्यात बघितलेली जागा म्हणजे लग्नातला फोटो.

नर्मदेचा_गोटा
डॉक्टर, शेवटच्या वाक्यासाठी दंडवत. बायकोला वाचून दाखवलं, आज जेवण बाहेर.

गवळीदादा
एवढं घाबरवू नका हो. माझा दहा म्हशींचा गोठा आहे उसगावला. जनावर म्हटलं की सगळं आलंच. ताई, अर्ध्या एकरात नेपियर लावा. जुन्या गोव्याला एला इथे कृषी संशोधन केंद्र आहे, तिथे संकरित नेपियरची माहिती मिळते. वर्षभर कापत राहा. वरून तांदळाचा कोंडा आणि गोळी पेंड. माझ्या म्हशी बघा कशा आहेत.

डॉ_खूर
@गवळीदादा, तुमच्या म्हशी बघितल्या आहेत, उत्तम आहेत. पण नेमकं हेच घोड्याला चालत नाही. नेपियरमध्ये ऑक्झलेट असतं, ते चाऱ्यातलं कॅल्शियम बांधून ठेवतं. गाई-म्हशींच्या पोटात त्याचा बराचसा निचरा होतो, घोड्याच्या पोटात होत नाही. वर तांदळाचा कोंडा दिलात तर फॉस्फरस आणखी वाढतो. काही महिने असं चाललं की शरीर हाडांतून कॅल्शियम काढायला लागतं, जबड्याची हाडं सुजतात, घोडा पाय जपून टाकतो. थोडं नेपियर चालेल, सोबत लसूणघास हवी. मुख्य चारा तो नव्हे.

आणि युरिया घातलेली पेंड घोड्याला नाही म्हणजे नाही.

गवळीदादा
हे माहीत नव्हतं, दोतोर. मग इथे घोडा खाणार काय? भाताचं तण, म्हणजे भातेण?

सड्यावरचा
भातेणात दम नसतो. आमच्याकडे गाईंनाही ते पोट भरायला.

पेन्शनीतला_स्वार
उशिरा आलो. सैन्यातून निवृत्त होऊन सांग्याला सहा वर्षं झाली. तीन घोडे आणले होते, आता एक आहे. एक वयाने गेला. दुसरा गेला माझ्या चुकीने, ती सांगतो.

चारा बेळगावहून येतो. ज्वारीचा कडबा, कधी सुकं गवत. साडेचारशे किलोच्या घोड्याला दिवसाला आठ-नऊ किलो कोरडा चारा धरा. दोघांना अठरा. जून ते सप्टेंबर १२० दिवस, म्हणजे दोन टनांच्या वर. हा सगळा मे संपायच्या आत घरात हवा. पावसात चोर्ला किंवा अनमोड घाट कधी बंद पडेल सांगता येत नाही, आणि उघडा असला तरी ट्रक ताडपत्रीखालून जे आणतो ते ओलं असतं.

पहिल्या वर्षी मी कडबा पडवीत रचला. खाली फळ्या होत्या, वर पत्रा होता, बाजूला काही नव्हतं. ऑगस्टमध्ये एक पेंढी सोडली तर आतून पांढरी धूळ उडाली, पिठाची गिरणी झाल्यासारखी. वरवरची झटकली आणि बाकीची दिली. संध्याकाळी घोडा पोटाकडे वळून वळून बघायला लागला, मग लोळायला. घोड्याला उलटी करता येत नाही, आत गेलं ते गेलं. डॉक्टर रात्री एक वाजता पोहोचले, वाटेत झाड पडलं होतं. पहाटे चारला संपलं.

तेव्हा ताई, खोल्या किती हे नंतर विचारा. दोन टन चारा कोरडा कुठे राहील ते आधी विचारा. जमिनीपासून दोन हात उंच, चारी बाजूंनी भिंत, आणि वारा खेळता.

चिंगीची_आई
काका, वाचून गप्प बसले होते. लिहिलंत याबद्दल मनापासून आभार. आमच्या पागेत चारा कुठून येतो हेही मला माहीत नव्हतं, काल पहिल्यांदा मोतद्दाराला विचारलं. तो हसला. म्हणाला, ताई, सात वर्षांत पहिल्यांदा विचारताय.

पेन्शनीतला_स्वार
त्या मोतद्दारालाच सोबत न्या. खरंच सांगतो. गोव्यात म्हशीला हात लावणारा माणूस मिळतो, घोड्याला खरारा करणारा मिळत नाही. पगार दुप्पट द्या, राहायला खोली द्या.

तीच गोष्ट नालबंदाची. नाल पाच-सहा आठवड्यांनी बदलावी लागते, नाल नसेल तरी खूर सहा-आठ आठवड्यांनी तासावं लागतं. माझा नालबंद बेळगावहून बसने येतो, पिशवीत ऐरण घेऊन. एका घोड्यासाठी यायला परवडत नाही, म्हणून आम्ही चौघे-पाच जण मिळून एक वार ठरवतो. तुम्ही आलात तर आमचा खर्च कमी होईल, हा माझा स्वार्थ.

अटक_मटक
मुद्द्याचं बोलू का? राग मानू नका. गोव्याची हवा घोड्याची नाहीच. कोकण-गोव्यात कोणी परंपरेने घोडे पाळले नाहीत, ते उगाच नाही. इथला घोडा म्हणजे शिगम्यातली घोडेमोडणी, कमरेला लाकडी घोडा बांधून नाचायचं. दोन म्हातारी जनावरं हौसेपायी दमट हवेत आणणं मला तरी पटत नाही.

सड्यावरचा
घोडेमोडणीला हसायचं काम नाही. डिचोली, पेडणे, सत्तरीत ती पोर्तुगीजांशी लढलेल्या राणेंच्या पराक्रमाची आठवण म्हणून नाचतात. राणे काय पायी लढले का?

इतिहासाचा_किडा
+१. आणि गोवा तर घोड्यांचंच बंदर! अरबस्तानातून, होर्मुझहून गलबतांनी घोडे इथे उतरत. विजयनगर आणि बहामनी दोघांचं घोडदळ या आयातीवर उभं होतं. १५१० मध्ये पोर्तुगीज आल्बुकर्कने गोवा घेतला, त्यामागे हा व्यापार ताब्यात ठेवण्याचं गणितही होतं. पाचशे वर्षांपूर्वी समुद्र ओलांडून आलेले घोडे गोव्यात राहू शकत होते, तर वाघोलीचे का नाही?

डॉ_खूर
@इतिहासाचा_किडा, राहत कुठे होते? उतरले की घाट चढून वर जात होते. ते व्यापारी शहाणे होते. :)

@अटक_मटक, तुमचा मुद्दा अर्धा बरोबर. हवा अवघड आहे, अशक्य नाही. पण ताईंनी हे घोडे विकले तर १७ वर्षांचा लंगडा थरोब्रेड कोण घेईल आणि कशासाठी घेईल, याचा विचार करा. वरातीत किंवा टांग्याला लागण्यापेक्षा फोंड्याचा पाऊस बरा.

अटक_मटक
हा विचार केला नव्हता. शब्द मागे.

नर्मदेचा_गोटा
या संस्थळावर कोणीतरी शब्द मागे घेतला! तारीख लिहून ठेवा रे.

वाळपईवाली
सत्तरीत जागा बघणार असाल तर एक गोष्ट कोणी सांगितली नाही. २०१५ पासून आमच्याकडे माकडतापाचे रुग्ण सापडलेत, सुरुवात पाली गावापासून. तो गोचिडांमुळे पसरतो. रान लागून असेल आणि माकडं येत असतील तर जानेवारी ते मे रानात जाताना पूर्ण बाह्या, मोजे, आणि घरी आल्यावर अंग तपासायचं. घोड्यापेक्षा मोतद्दाराला धोका. बिबट्या येतो, पण तो कुत्र्यासाठी येतो. तुमचा कुत्रा रात्री आत ठेवा.

आणि ती कण्हेर! घोड्याने कण्हेरीची थोडी पानं खाल्ली तरी हृदय बंद पडू शकतं. इथे कुंपणाला ती सर्रास लावतात, कारण गुरं तोंड लावत नाहीत. पण कापून टाकलेली, सुकलेली डहाळी जनावर खातं, आणि विष सुकल्यावरही जात नाही. घाणेरीही उपटून काढा.

चिंगीची_आई
म्हणजे माझ्या स्वप्नातल्या जागेत पूर, बेकायदेशीर व्यवहार आणि विष एवढं एकत्र होतं. दिल्लीच्या पार्टीला माझ्यातर्फे शुभेच्छा.

बरं, मग कसली जागा बघू?

सड्यावरचा
सडा, म्हणजे कातळाचं पठार बघा, किंवा सड्याच्या उताराची काजूची बाग. दिसायला ओसाड, जांभा दगड, गवत फक्त पावसात. मे महिन्यात बघाल तर रडू येईल. पण पाऊस थांबला की तासाभरात पाणी वाहून जातं. शेतात आठ दिवस चिखल असतो तेव्हा सड्यावर तुम्ही चप्पल घालून फिराल. त्रास दोन. जांभा खरबरीत, खुरं झिजतात, तेव्हा फिरवायच्या जागेत बारीक माती किंवा वाळू टाकावी लागेल. आणि पाणी. सड्यावरची विहीर एप्रिलमध्ये तळ दाखवते. घोडा रोज तीस-चाळीस लिटर पितो ना? टाकी मोठी बांधा आणि टँकर वरपर्यंत चढेल असा रस्ता आहे का बघा. तोच रस्ता चाऱ्याच्या ट्रकला लागेल.

वकीलबाई_म्हापसा
काजूच्या बागेला पुस्ती. बागायती झोनमध्ये फार्महाऊस बांधायचं तर किमान ४००० चौरस मीटर लागतात, म्हणजे एकरभर. आणि तबेला म्हणजे काय, चार खांब अन् पत्रा, असं समजू नका, पंचायतीची परवानगी लागते. माझं मत: पहिलं वर्ष विकत घेऊच नका, भाड्याने घ्या.

गवळीदादा
शेजाऱ्याशी आधी बोला. घोडा दिवसाला पंधरा-वीस किलो लीद टाकतो. शेजारी चिडला तर माशांची तक्रार पंचायतीत, आणि शेजारी माडवाला असेल तर लीद फुकट उचलून नेईल, वर शहाळी देईल. माझं असंच चाललंय.

डॉ_खूर
जागा ठरायच्या आधी एक काम पुण्यात सुरू करा. ग्लँडर्सची रक्ततपासणी. नमुना हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात तपासला जातो. हा रोग माणसालाही होतो, त्यावर लस नाही, आणि २००९ च्या कायद्याने तो कळवणं सक्तीचं आहे. राज्याची हद्द ओलांडताना अहवाल आणि आरोग्य दाखला जवळ हवाच. धनुर्वाताची लस झाली आहे का तेही बघा. पोहोचल्यावर सर्रा या रोगावर लक्ष ठेवा. मोठ्या चावणाऱ्या माश्यांमुळे पसरतो, पावसाळ्यात आणि नंतर जास्त. ताप येतो-जातो, घोडा वाळत जातो, पायावर सूज. लोक आठवडाभर टॉनिक देत बसतात. रक्त तपासा.

अटक_मटक
धागा वर आणतो. जुलै संपत आला. ताई, काय झालं? की घोडामैदान अजून दूर आहे?

चिंगीची_आई
तीन आठवडे गायब होते, माफ करा. मुक्काम गोव्यातच होता. मिस्टर रुजू झाले, फातोर्ड्याला तात्पुरता फ्लॅट घेतलाय. घोडे अजून वाघोलीतच.

डॉक्टरांनी सांगितलं तसं गमबूट घेतले. चार दिवस संततधार झाली आणि पाचव्या दिवशी आधी मुद्दाम ती नदीकाठची जागा बघायला गेले. जागा नव्हतीच. पाणी होतं. कण्हेरीची फुलं तेवढी पाण्यावर दिसत होती आणि एक माणूस तिथे, म्हणजे माझ्या तबेल्याच्या दारात, गळ टाकून बसला होता. मी विचारलं काय मिळतं, तर त्याने पिशवी उघडून दाखवली. खेकडे.

वकीलबाई, तुमच्या ओळखीतल्या वकिलांनी एक-चौदा काढला. तरीच्या रकान्यात सगळा आकडा, आणि कूळही लागलेलं. दलालाला विचारलं तर म्हणाला, "मॅडम, ते सगळं होतं हो."

मग केपे-सांगे पट्ट्यात अकरा जागा पाहिल्या. वेर्ण्याला जायला तोच बरा पडतो. आता एक नक्की होत आली आहे: सांग्याकडे उतारावरची काजूची बाग, मालक तिथेच खाली राहतात. अकरा महिन्यांच्या भाड्याने. वर बंद पडलेली कोंबड्यांची शेड आहे, चिऱ्यांची अर्धी भिंत, वर जाळी, छप्पर उंच, वारा भन्नाट. एवढ्या पावसात आत गेले तर जमीन कोरडी. शेजारी पोल्ट्रीच्या खाद्याची पक्की खोली आहे, जोत्यावर बांधलेली, चारही भिंती. चाऱ्याला तीच धरली. विहिरीला मे महिन्यात पाणी असतं का, हे मालकांना न विचारता खालच्या वाडीतल्या तीन बायकांना वेगवेगळं विचारलं. दोघी म्हणाल्या असतं, एक म्हणाली मे संपेपर्यंत घागर खरवडावी लागते. म्हणून टाकी बांधतोय.

डॉ_खूर
शाब्बास. पण कोंबड्यांची शेड म्हणालात म्हणून घाईने लिहितोय. त्या खाद्याच्या खोलीत जुनं खाद्य कोपऱ्यात, फळ्यांच्या फटीत, कुठेही राहिलेलं असू शकतं. कोंबड्यांच्या खाद्यात मोनेन्सिनसारखी औषधं घालतात. कोंबडीला ती औषध, घोड्याला विष. अगदी थोड्या मात्रेतही घोड्याचं हृदय निकामी होतं. खोली खरवडून, धुऊन, वाळवून, चुना मारून घ्या. शेडमधली जुनी कोंबडखतमिश्रित मातीही उपसून टाका, वर नवा मुरूम, त्यावर रबरी मॅट. हे होईपर्यंत चारा आत नाही.

चिंगीची_आई
हे तर कोणीच सांगितलं नसतं. उद्याच माणसं लावते. डॉक्टर, पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते, एकदा येऊन बघाल का? जेवायलाच या.

डॉ_खूर
येतो. हात दोनदा धुऊन.

पेन्शनीतला_स्वार
सांगे म्हणजे माझ्या शेजारीच की! आणायचं कधी ठरवलंय? दसऱ्याच्या आधी नको. नोव्हेंबरात आणा, मे येईपर्यंत त्यांना हवा अंगवळणी पडेल. गाडीत चिंगीला आधी चढवा, सासूबाई आत गेल्या की सुलतान मागून जाईल.

चिंगीची_आई
काका, उलटं आहे. चिंगी आधी चढली तर सुलतानला आत येऊ देत नाही. नोव्हेंबरचा दुसरा आठवडा धरलाय. मोतद्दार येतोय, बायको-मुलांसकट. त्याची एकच अट आहे: मुलाला मराठी शाळा हवी. सांग्यात आहे का कोणती जवळ?

वाळपईवाली
सरकारी प्राथमिक शाळा मराठी माध्यमाच्या बऱ्याच आहेत. वाडीचं नाव व्यनि करा, बहिणीला विचारून सांगते, ती केप्याला शिक्षिका आहे.

पेन्शनीतला_स्वार
आणि नालबंदाचा वार आम्ही गुरुवार ठेवतो, बाजार नसतो त्या दिवशी. तुमचे दोन धरून आता सात घोडे झाले. त्याला कळवलं, म्हणाला आता बसने नाही, मोटरसायकलने येईन.